रकाना सातवा: प्रमुखाची सही

तीर्थरूप आत्या,

तुला नमस्कार. तो पायांवर डोकं ठेवून करायचा असतो हे मला ठाऊक आहे, पण तू दिवसभर पाय मांडीखाली दुमडून बसतेस आणि मांडीवर कुणाचं तरी पुस्तक शिवायला घेतलेलं असतं. तेव्हा हा नमस्कार हातांना केला आहे असं समज. उजव्या अंगठ्याची चीर भरली का? पुठ्ठे चिकटवायच्या खळीत हात घालण्याआधी कापड गुंडाळत जा म्हटलं तर ऐकायची नाहीस, म्हणून नुसतं विचारते. आजोबांच्या कानात थेंब कोण घालतं आता? (मी घालायची तेव्हा ते 'काही फरक नाही' म्हणायचे आणि तेवढ्यात आईने आत हळूच केलेल्या त्यांच्याविषयीच्या तक्रारीला बाहेरून उत्तर द्यायचे.) आईला सांग की तिने दिलेला स्वेटर घालते. बाबांनाही नमस्कार सांग. या पत्रात पुढे मी त्यांच्यावर जरा रागावणार आहे, तेव्हा नमस्कार आधी पोचलेला बरा. मी इथे खुशाल आहे. (हे वाक्य पत्राच्या सुरुवातीला लिहायचंच असतं असं तूच शिकवलंस. त्यातलं खरंखोटं खाली येईल.)

पहिल्या दिवसापासून सांगते, नाहीतर 'आधीच्या पानांचा फर्मा कुठाय?' म्हणून अडशील. महाविद्यालयाच्या कचेरीला सहा खिडक्या आहेत, त्यांतल्या चारच उघडतात. बाकीच्या दोन बहुतेक सन्मानासाठी ठेवल्या असाव्यात. प्रवेशाची खिडकी चौथी. तिच्यामागे सव्वीस वर्षं बसलेल्या बाईंना सगळ्या मुली 'चार नंबरच्या बाई' म्हणतात, आणि त्यांना स्वतःचं दुसरं काही नाव असेल असं त्यांच्याकडे बघून वाटतही नाही. त्यांनी माझा अर्ज हातात घेतला. तू जसं पुस्तक हातात आल्या आल्या आधी त्याचा कणा चाचपतेस, तसा त्यांनी वरचं एक अक्षरही न वाचता अर्जाचा खालचा कोपरा पाहिला. तिथे शाळेचा शिक्का असतो. माझ्या अर्जावर नव्हता.

"शिक्का?"

"मी शाळेत गेले नाही. घरी शिकले. परीक्षा बाहेरून दिल्या."

"घरी सगळेच शिकतात गं. घरी शिक्का कुठे मारतात?"

मग मी त्यांना सगळं खरं सांगितलं. (मला थोडक्यात खरं सांगता येत नाही, हा तुझाच दोष.) सातव्या वर्षी माझी छाती सारखी धरायची म्हणून शाळा सुटली ती सुटलीच. आमचं घर म्हणजे पुस्तकबांधणीच्या दुकानामागच्या दोन खोल्या. मी वाचायला शिकले ती छापखान्यातून सोळा-सोळा पानांचे सुटे फर्मे घडी घालायला यायचे त्यांच्यावरून, त्यामुळे कितीतरी गोष्टींचा मधला भाग मला तोंडपाठ आहे आणि आरंभ-शेवट ठाऊक नाही. भूगोलाचं पुस्तक अर्धं आमच्याकडे आलं होतं आणि अर्धं दुसऱ्या बाइंडरकडे गेलं होतं, त्यामुळे पृथ्वीचा दक्षिण भाग माझा फार चांगला आहे. मागच्या रांगेत कुणाचे तरी वडील म्हणाले, "चारला आमची गाडी आहे." मी त्यांची माफी मागितली आणि उत्तर गोलार्धाविषयी बोलणं टाळलं.

चार नंबरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सातव्या रकान्यावर बोट ठेवलं. तो रकाना तुला आठवत असेल. 'पूर्वीच्या शिक्षणसंस्थेच्या प्रमुखाचे नाव, पद व सही.' तिथे बाबांचं नाव, 'प्रमुख' हे पद आणि बाबांची ती जिलेटिनसारखी थरथरती सही होती. "हे कोण?" "माझे वडील." "झालं तर. घरात जो प्रमुख, त्याची चालते." आणि त्यांनी त्यांचा शिक्का मारला. त्या क्षणी मला कुठेतरी टोचलं होतं, आत्या. एक टाका सुटला की पुढचे दहा आपोआप सुटतात असं तू म्हणतेस. पण मागे चारची गाडी उभी होती, म्हणून मी तो टाका तसाच जाऊ दिला.

आता फीमाफीचं. इथली फी आपल्या घरात बसत नाही, माफी मिळाली तर मी शिकेन, न मिळाली तर शुक्रवारी संध्याकाळी परत येऊन तुझ्या शेजारी घड्या घालायला बसेन. हे तुला माहीत आहे, तरी लिहून ठेवते, कारण इथे सगळेजण ते मधूनमधून विसरतात. पूर्वी म्हणे माफीसाठी मुलाखत असायची. तीत गरिबीविषयी विचारत. एका वर्षी एक मुलगी रडली, मग तिची आई रडली, मग समितीतले एक गृहस्थ रडले, आणि उरलेल्या मुलींना वेळच पुरला नाही. तेव्हापासून गरिबीविषयी विचारणं बंद झालं. आता वादविवाद घेतात. आम्ही अकराजणी होतो. आम्हाला पाहुण्यांच्या खोलीत ठेवलं होतं (खोली पाहुण्यांची, खाटा सात), आणि सांगण्यात आलं की विषय असा निवडला आहे की कुणाचंही मन दुखावणार नाही. विषय होता: 'महिला महाविद्यालयाचे प्रमुखपद स्त्रीकडेच असावे.'

या विषयाने इथे कुणाचं मन दुखावणार नाही असं म्हणणं म्हणजे खळीच्या पातेल्यात बसून कोरडं राहतो म्हणण्यासारखं आहे. इथल्या मोठ्या बाई, म्हणजे जुन्या प्राचार्या, चौदा महिन्यांपूर्वी निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी एक सर 'प्रभारी' म्हणून आले. प्रभारी म्हणजे खुर्चीच्या कडेवर बसायचं, पाठ टेकायची नाही, अशी माझी समजूत होती. सर टेकले. दुसऱ्या बाजूला उपप्राचार्य बाई आहेत. त्या एकोणीस वर्षं 'उप' आहेत आणि ती दोन अक्षरं त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांत बसली आहेत. शिक्षकांच्या खोलीत चहाच्या दोन किटल्या येतात. कोण कुठल्या किटलीतला चहा पितं यावरून तो कुणाचा ते कळतं. एक म्हातारे ग्रंथपाल चौदा महिने चहाच प्यायलेले नाहीत. आणि अशा घरात आम्हा अकरा गरीब मुलींना सांगितलं, की बोला पोरींनो, मनमोकळं बोला.

चिठ्ठ्या उचलल्या. मला आलं 'विरुद्ध'. म्हणजे प्रमुख स्त्रीच असली पाहिजे असं नाही, या बाजूने बोलायचं. पहिल्या रांगेत प्रभारी सर बसले होते. ते माझ्याकडे बघून हसले. दोन खुर्च्या सोडून उपप्राचार्य बाई बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

इथून पुढचं नीट समजण्यासाठी आपल्या काउंटरवरची घंटा आठवायला हवी. तुला ती काय सांगायची, पण गेल्या आठ दिवसांत ती गोष्ट इतक्यांना सांगितली आहे की आता समोर कुणीही आलं की आपोआप सुरू होते. फर्मे दुमडताना तू एक प्रश्न टाकायचीस आणि आम्ही भांडायचो. काउंटरवर गिऱ्हाईक आलं की पितळी घंटेवर थाप मारायचं, आणि गिऱ्हाईक निघून गेलं की जो बोलत होता त्याने उलट्या बाजूने बोलायचं, तेवढ्याच खरेपणाने. 'गिऱ्हाईक म्हणजे जग,' तू म्हणायचीस. 'ते मध्येच येतं आणि पलीकडची बाजू विचारतं.' परीक्षांच्या दिवसांत वह्या बांधायला रीघ लागायची. 'माणसाने खोटं बोलावं का' या प्रश्नावर एका दुपारी मी अकरा वेळा बाजू बदलली होती आणि दुकान बंद झालं तेव्हा मी खोट्याच्या बाजूला होते, म्हणून रात्रभर झोपले नव्हते. (आजोबांना कंटाळा आला की ते गिऱ्हाईक नसतानाही घंटा वाजवायचे, हे आम्हाला फार उशिरा कळलं.)

वादविवादाला प्रत्येकीला चार मिनिटं होती. तीन मिनिटं झाली की इशाऱ्याची घंटा, चार झाली की शेवटची. घंटा टेबलावर ठेवलेली मला दिसली होती. आत्या, तीच घंटा. तशीच पितळी, तशीच मधोमध बोंड असलेली. मला तेव्हाच घरच्यासारखं वाटलं, आणि तिथेच घात झाला.

पहिली तीन मिनिटं मी बरी बोलले असावे. खुर्ची कुणासाठी राखून ठेवली की बसणारीकडे खुर्ची म्हणून बघतात, माणूस म्हणून नाही. 'स्त्री म्हणून नेमली' हे वाक्य तिच्या नावामागे शेपटासारखं लागतं, आणि लायक बाईचा त्याहून मोठा अपमान नाही. असं काहीबाही. प्रभारी सर मान डोलावत होते. घंटा वाजली. मी थांबले. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबतात तेवढी थांबले. आणि "आता दुसरी बाजू" असं म्हणून (असं मी चक्क मोठ्याने म्हणाले) सुरू केलं: सर खुर्चीत बसून चौदा महिने झाले, त्यांना 'पुरुष म्हणून नेमले' असं शेपूट कुणी लावलं का? नाही, कारण पुरुषाला ते जन्मतःच असतं, दिसत नाही इतकंच. या महाविद्यालयातून इतक्या वर्षांत हजारो मुली शिकून बाहेर पडल्या. त्यांतली एकही ही खुर्ची सांभाळण्याच्या लायकीची झाली नसेल, तर इथलं शिकवणं वाईट. आणि झाली असूनही कुणाला सापडली नसेल, तर इथलं शोधणं वाईट. दोन्हीपैकी काही असलं तरी मी इथे प्रवेश कशाला घेऊ?

मागच्या मुलींनी बाकं बडवली. तेवढ्यात चार मिनिटं संपली आणि शेवटची घंटा वाजली. शहाण्या मुलीने खाली बसायचं. मी थांबले, गिऱ्हाईक जाऊ दिलं, आणि पुन्हा सरांच्या बाजूने बोलू लागले. घंटा वाजवणारे शिक्षक घाबरले. त्यांनी पुन्हा वाजवली. मी बाईंच्या बाजूला गेले. त्यांनी जोराने वाजवली. मी सरांकडे आले. त्यांना वाटलं मला ऐकू येत नाही, म्हणून ते टणाटण वाजवू लागले, आणि जितक्यांदा वाजली तितक्यांदा मी इमानाने पलीकडे जात राहिले. शेवटी वाक्यं एवढी आखूड झाली की 'हो', 'नाही', 'पण', 'तरीही' एवढंच उरलं. मग कुणीतरी माइक बंद केला. (तू तिथे असतीस तर काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक आहे. तिसऱ्या पलटीला मुद्दा सैल पडला, म्हणाली असतीस.)

मला वाटलं, झालं, सामान बांधावं. पण दुसऱ्या दिवशी पाहते तर मी दोन्ही किटल्यांत लोकप्रिय. सरांच्या माणसांनी माझी पहिली तीन मिनिटं टाइप करून सूचनाफलकावर लावली. उपप्राचार्य बाईंच्या माणसांनी चौथं मिनिट मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून जिन्यात चिकटवलं. आपण एखादं पुस्तक उसवतो तेव्हाही दोन्ही भाग जपून ठेवतो. इथे ज्याने त्याने आपापला भाग उचलला आणि उरलेला टाकून दिला. मी दोघांकडे जाऊन सांगितलं की ते एकच भाषण आहे. दोघांनीही माझ्या पाठीवर थाप मारली. पाहुण्यांच्या खोलीतल्या मुली मला 'पलटी' म्हणतात. त्यांतल्या एकीने, जी स्वतः फार छान बोलली होती आणि जिचं एकही वाक्य कुणी कुठे लावलं नाही, मला विचारलं, "तुला खरं काय वाटतं ते तरी माहितीय का गं?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मग आधी तेच बोलायचंस ना." आत्या, एवढं साधं तू मला कधी शिकवलं नाहीस.

मग चौघीजणींना समितीपुढे बोलावलं, त्यांत मी. लांब टेबल, हिरवं कापड, कापडावर काच, काचेखाली कुणाचं तरी जुनं वेळापत्रक. मध्ये प्रभारी सर, उजवीकडे उपप्राचार्य बाई. कोपऱ्यात टिपणं घ्यायला चार नंबरच्या बाई. सर फार गोड बोलतात. आवाज चढवत नाहीत, कारण कधी चढवावा लागला नसेल. त्यांनी माझा अर्ज उघडला आणि सातव्या रकान्यावर आले.

"वडील प्रमुख. छान. गणित वडिलांनी शिकवलं?"

"नाही सर, आत्याने."

"भाषा?"

"आत्याने. शुद्धलेखन थोडं आजोबांनी, ते मुद्रितं तपासायचे. बाकी आत्याने."

"इतिहास, विज्ञान?"

"आत्याने."

"मग वडिलांनी काय शिकवलं, बाळ?"

मी विचार केला. मला काही वगळून सांगता येत नाही, तुला ठाऊक आहे. बाबांनी शिकवलेलं काहीच नाही असं सांगणं अन्यायाचं झालं असतं. म्हणून मी म्हटलं की काम झालेलं नसताना गिऱ्हाइकाला 'उद्या या' असं कसं सांगायचं, ते बाबांनी शिकवलं. सगळे हसले. सर सर्वांत शेवटी आणि सर्वांत छान हसले. मग पाठ टेकून म्हणाले, "बघा. शिकवणारी स्त्री, प्रमुख पुरुष, आणि संस्था उत्तम चालली. विद्यार्थिनी आपल्यासमोर उभी आहे. आपण गेले चौदा महिने ज्यावर वाद घालतोय ते हिच्या घरी दहा वर्षं सुखाने चाललंय."

ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे मी दहादा लिहून काढलं आहे तुझ्यापुढे. सशाला कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं. मी उपप्राचार्य बाईंकडे पाहिलं. वाटलं, या काहीतरी बोलतील. त्या बोलल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मुली, तुझ्या आत्याबाईंना सही करता येत नाही का?"

"येते," मी म्हटलं. "फार सुंदर येते."

"मग?"

आत्या, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला एकही बाजू सुचली नाही. मी घंटेची वाट पाहत उभी राहिले. कुणी वाजवली नाही.

त्यानंतर जे झालं ते थोडक्यात लिहिते, कारण ते आठवलं की माझं अक्षर बिघडतं. सरांनी मला नंतर बाजूला घेऊन सांगितलं की अर्ज आहे तसा उत्तम आहे, माफी मंजूर होईल, शनिवारी कायमचा प्राचार्य नेमणाऱ्या निवड समितीपुढे ते माझ्या घराचं उदाहरण देणार आहेत, फक्त आता काही खाडाखोड करू नकोस. नियम नऊप्रमाणे अर्जातली माहिती खोटी निघाली तर अर्ज रद्द होतो. उपप्राचार्य बाईंनी मला जिन्यात गाठून सांगितलं की शुक्रवारपर्यंत आत्याबाईंच्या सहीने दुरुस्त अर्ज दे, शिवाय शनिवारी त्यांना त्या निवडीच्या सभेला घेऊन ये, त्यांना व्यासपीठावर बसवू. मी विचारलं, आणि अर्ज रद्द झाला तर? त्या म्हणाल्या, "लढ्यात थोडी झळ बसतेच." झळ कुणाला बसते ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांचाही खांद्यावरचा हात गोडच होता. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं असं एकच जनावर मी ऐकलं होतं. ही दोन निघाली, आणि दोन्ही म्हणतात, मी तुझ्याच बाजूचा.

शेवटी मी चार नंबरच्या खिडकीत गेले. जेवणाची सुटी होती, तरी बाईंनी खिडकी उघडली. म्हणाल्या, "नियम नऊ खोट्यासाठी आहे. चुकीसाठी नाही. चूक दुरुस्त करता येते. फक्त सोबत लिहून द्यावं लागतं, की ती चूक होती." आणि मग डबा बंद करत विचारलं, "चूक होती ना?"

मी उत्तर दिलं नाही. त्या पुन्हा प्रमाणपत्रांवर सह्या करू लागल्या. गेल्या चौदा महिन्यांतल्या प्रत्येक प्रमाणपत्रावर, दाखल्यावर, पावतीवर त्यांचीच सही आहे आणि खाली छापलेलं आहे 'प्राचार्यांकरिता'. मी विचारलं, त्याआधी? "त्याआधीही मीच. मोठ्या बाईंच्या वेळीही." मी म्हटलं, म्हणजे तुम्हीच चालवता की. त्यांना ते विनोदी वाटलं. "अगं, मला कोण विचारतंय," त्या म्हणाल्या. अगदी तुझ्याच आवाजात, आत्या. मला त्या खिडकीतून आत हात घालून त्यांचं पेन काढून घ्यावंसं वाटलं.

तर आता माझा राग. आधी बाबांवर. ज्यांनी मला एक बाराखडी शिकवली नाही त्यांनी 'प्रमुख' म्हणून सही कशी केली? अर्ज भरला त्या दुपारी मी आत पुठ्ठे कापत होते, त्यामुळे बाहेर काय झालं ते मला माहीत नाही. पण पाटीवर नाव त्यांचं, सही त्यांची, आणि टेबलाशी वाकून दहा वर्षं मान तुझी आखडली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून मी समितीपुढे गप्प बसले. पण इथे येऊन मला लाज वाटते, आणि लाज गरिबीची नाही, तिच्याबद्दल तर कुणी विचारतच नाही. मी सभागृहात चौथ्या मिनिटाला जे बोलले ते ऐकून पोरींनी बाकं बडवली, आणि त्याच वेळी चौथ्या खिडकीमागे माझा तो सातवा रकाना पडलेला होता. माझ्या घरच्याच खुर्चीविषयी मी कधी हूं की चूं केलं नाही आणि परक्यांच्या खुर्चीवर व्याख्यान दिलं.

आणि तुझ्यावरही, आत्या. रागावू नकोस. किंवा रागव, पण काम हातातून खाली ठेवून रागव. तू मला प्रत्येक गोष्टीची दुसरी बाजू शिकवलीस. दोन्ही बाजूंना तेवढंच खरं बोलायला शिकवलंस. पण घंटा वाजायची थांबते तेव्हा माणसाने कुठे उभं राहायचं, ते शिकवलं नाहीस, कारण दुकान बंद झालं की तू पेन्सिल कानामागे खोवून आत चूल पेटवायला जायचीस.

असो. मोठ्यांना लहानांनी शिकवू नये. पत्र लांबलं. वाचनालयात बसून लिहिते आहे, समोरच्या कपाटातल्या पुस्तकांची बांधणी इतकी वाईट आहे की तू रडली असतीस: सुताऐवजी तारा ठोकल्या आहेत आणि त्या गंजल्या आहेत. सर्वांना नमस्कार. चीर भरेपर्यंत खळीत हात घालू नकोस.

तुझीच,
भाची
(इथे: पलटी)

ता. क. स्वेटर घालते असं वर लिहिलं ते खरं नाही. खाटा कमी पडल्या म्हणून जिला जमिनीवर झोपावं लागतं तिला दिला आहे. आईला सांगू नकोस.

ता. क. दुसरा. मी खुशाल आहे हेही खरं नाही, पण ते तू ओळखलंच असशील.

ता. क. तिसरा. बाबांवर रागावले ते पुसून टाक. मी आत पुठ्ठे कापत होते हे खरं, पण कापणं थांबवलं होतं. बाबा म्हणाले होते, "ताई, इथे तू कर सही. शिकवलंस तू." आणि तू म्हणालीस, "त्याला काय अर्थ आहे? पाटीवर नाव तुझं. मला कोण विचारतंय." मी सगळं ऐकलं. बाहेर यावं आणि 'आत्या, तूच कर' म्हणावं असं वाटलं. मग वाटलं, पुरुषाच्या सहीला शंका कमी येतात, अर्ज पटकन होईल. म्हणून पुन्हा कापायला लागले. चार नंबरच्या बाईंना मी उत्तर दिलं नाही ते यासाठी. चूक नव्हती ती. तिघांनी मिळून केलेलं ते खोटं होतं, आणि तिघांत दोन्ही बाजू तोलून खोट्याच्या बाजूला गेलेली फक्त मी होते.

ता. क. चौथा. सोबत अर्ज आहे, चार नंबरच्या बाईंनी दुरुस्तीसाठी काढून दिलेला. सातव्या रकान्यातलं बाबांचं नाव मी स्वतः शाईने खोडलं आहे आणि खुलासा जोडला आहे. त्यात 'चूक' हा शब्द नाही, जे झालं ते लिहिलं आहे. आता तो ना सरांच्या उपयोगाचा आहे ना उपप्राचार्य बाईंच्या, कदाचित माझ्याही नाही. सरांना सांगून आले आहे. ते म्हणाले, विचार कर. बाईंनाही सांगितलं की तू शनिवारी कुठल्याही व्यासपीठावर बसणार नाहीस, तुला मान वर करून फार वेळ बसवत नाही. त्यांनी तोंड फिरवलं. चार नंबरच्या बाईंनी खुलासा दोनदा वाचला आणि टपालाचं पाकीट स्वतः चिकटवून दिलं.

रकाना रिकामा आहे. शुक्रवारी दुपारपर्यंत इथे पोचायला हवा. नाव लिही, पद लिही, सही कर. माफी मिळाली नाही तर मी परत येईन आणि घड्या घालेन, तक्रार करणार नाही. पण त्या जागी तुझं नाव नसलेल्या कागदावर मी शिकणार नाही. (ही धमकी नाही. तू म्हणशील, आहे. आहे.)

ता. क. शेवटचा. पेन्सिलीने नको, आत्या. शाईने.